ओंडक्यावरचं काळीज

बाळाजी मेस्त्रीला लाकूड पसंत पडणं हे एखाद्या खाष्ट बापाला जावई पसंत पडण्यापेक्षा कठीण होतं. फळी समोर आली की आधी तो तिच्याकडे नुसताच बघत बसे. मग बोटाच्या पेराने दोन टिचक्या मारी, कान लावी, कडेशी नाक नेऊन लांब श्वास घेई आणि मगच कानामागची पेन्सिल काढी. पेन्सिल निघाली नाही की समजायचं, फळी नापास. मग ती आणणारा खुद्द मालक असला तरी बाळाजी पाठ फिरवून चहा प्यायला निघून जाई.

मालक म्हणजे हुसेन. बहारीनला, गुदैबियाच्या मागच्या गल्लीत त्याचं सुतारकामाचं वर्कशॉप होतं. बाळाजी तिथे १९७१ साली आला, कुडाळजवळच्या आपल्या गावाहून, टॉवेलात गुंडाळलेल्या चार पटाशा आणि एक रंधा घेऊन. गल्फला गेलेल्या माणसाचं नाव निघालं की लोकांना सोन्याचं घड्याळ आणि टेपरेकॉर्डर आठवतो. बाळाजीने अकरा वर्षांत काय जमवलं म्हणाल, तर आणखी सहा रंधे. बाकी सगळं त्याने गावी बायकोला, मालूला पाठवलं. तिनेही शहाणपणा करून त्याचं घर बांधलं. ते त्याने अजून नीट पाहिलंही नव्हतं, कारण रजेवर गेला की तो गावातल्या लोकांचे दरवाजे दुरुस्त करत फिरे.

बहारीनमध्ये त्याची गाठ ओकशी पडली. राजधानी मनामातल्या बँका, इंग्रज साहेबांचे क्लब, त्यांची ऑफिसं, सगळ्यांना टेबलं आणि दारं ओकचीच हवी असत. साग, फणस, शिवण, किंजळ ही झाडं बाळाजीने उभी पाहिली होती, लहानपणी त्यांच्यावरून पडलाही होता. ओक मात्र त्याला कायम फळ्या होऊनच भेटला. पान केवढं, फूल येतं की नाही, खाली सावली दाट पडते की विरळ, काही ठाऊक नाही. गिऱ्हाईक साहेबांना विचारावं, तर ते दार कधी मिळणार याच्यापलीकडे एक शब्द बोलत नसत. ज्याचं अंग न् अंग हाताखालून गेलं, त्याचं तोंड बघितलेलं नाही, ही गोष्ट बाळाजीला मनातून फार खटके.

तो आला तेव्हा हुसेनची मुलगी शमा सात वर्षांची होती. शाळा सुटली की ती वर्कशॉपमध्ये येऊन रंध्याच्या भुश्शात बसायची आणि बाळाजीला ‘अम्मी’ म्हणायची. अरबीत अम्मी म्हणजे काका, पण हिंदुस्थानी कामगार हसून हसून लोळायचे. तिला गप्प बसवायला बाळाजीने एकदा ओकच्या तुकड्याची तळहातावर मावेल एवढी पेटी करून दिली. पोरीने झाकण दहा वेळा उघडलं, मिटलं आणि विचारलं, मोठी कधी? तिकडे मुलीच्या लग्नात तिचे कपडे-दागिने ठेवायला पितळी खिळे ठोकलेली मोठी पेटी करतात, तिला मंदूस म्हणतात. बाळाजी म्हणाला, “तुम्हारे शादी को. येही लकडी का. मेरा जबान.”

सात वर्षांच्या पोरीला दिलेली जबान माणसं विसरतात. बाळाजी विसरला नाही, आणि खरं सांगायचं तर शमाही विसरली नाही. अडचण एवढीच होती की ओकच्या फळ्या मोजून यायच्या आणि मोजून गिऱ्हाइकाकडे जायच्या. पेटीजोगं रुंद लाकूड कधी उरायचंच नाही.

१९८२च्या ऑक्टोबरात शमाचं लग्न ठरलं, पुढच्या ऑक्टोबरासाठी. आणि त्याच महिन्यात इंग्लंडहून आलेल्या फळ्यांच्या खाली, माल हलू नये म्हणून टेकू दिलेला एक ओंडका आला. सालीसकट, माणसाच्या मिठीत न मावणारा, एका टोकाला भोक पडलेला. हुसेन तो बेकरीवाल्याला भट्टीसाठी देणार होता. बाळाजीने टिचक्या मारल्या, कान लावला, वास घेतला. पेन्सिल निघाली. “सेठ, ये भट्टी में नहीं जायेगा,” तो म्हणाला. “ये शमा का है.”

ओंडका मागच्या अंगणात सावलीला ठेवला. छतावरच्या पाण्याच्या टाकीचा पाइप तिथेच ठिबकत होता, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी विठ्ठलने आरोळी ठोकली. विठ्ठल हा वर्कशॉपचा ड्रायव्हर, मालवणचा, आणि मटणाच्या बाबतीत जन्मजात आशावादी.

“मेस्त्रीनू, धावा! शेटान आमच्यासाठी काळीज पाठवल्यान हा!”

“काळीज खंय पाठवतलो तो? आज काय ईद आसा?”

“मगे ह्या काय आसा? बघा तरी!”

बाळाजी गेला. ओंडक्याच्या भोकाशेजारच्या चिरेतून तळहाताहून मोठा, जाडजूड, गडद लाल रंगाचा एक लगदा बाहेर लोंबत होता. वरून ओला, किंचित चिकट. खाटकाच्या फळीवर ठेवला असता तर कोणीही तोलून मागितला असता. विठ्ठलने तर घरी किती कांदे आहेत याचा हिशेबही केला होता.

“हात लावू नको,” बाळाजी म्हणाला आणि पटाशीच्या टोकाने त्याने कडेला हलकेच चीर दिली. आत मांसासारखेच पांढरट-लाल धागे दिसले आणि चिरेतून लाल पाणी ओघळलं.

“रगात!” विठ्ठल दोन पावलं मागे सरला. त्याची भूक तिथेच मेली. “मेस्त्रीनू, ही करणी. लग्नाच्या लाकडार कोणीतरी उतरून ठेवल्यान हा.”

बाळाजीने खाली वाकून बघितलं. ठेवलेलं नव्हतं ते. त्याचं बूड चिरेत आत गेलं होतं. “ठेवलेला नाय. उगवलेला आसा.”

“मगे अळंबी?”

“अळंबी अशी आसता? वारुळावरची बघलंय, कुजक्या फणसावरची बघलंय. चिरल्यार रगात येणारी अळंबी मी जल्मात बघूक नाय.”

बाळाजीच्या आत दोन माणसं राहत होती आणि दोघंही एकदम घाबरली. गावचा बाळाजी म्हणत होता, लग्नाच्या लाकडातून रक्त गळतं म्हणजे काहीतरी वाईट आहे. सुतार बाळाजी म्हणत होता, उगवलेलं आहे म्हणजे आतून कुजलंय, ऑक्टोबरात तुझे कान तुला फसवून गेले. यातली दुसरी भीती मोठी होती. भुताखेतावर उतारा असतो, चुकलेल्या कानावर काय उतारा?

दुपारी हुसेन आला. त्याने तो प्रकार लांबूनच पाहिला. माणूस मनाने चांगला, पण गोदामात लाखाचं सागवान भरलेलं आणि घरात लग्न.

“बालाजी, ये बीमारी है. बाकी लकडी को भी लगेगा. और घर में मेरा माँ सुनेगा तो खलास. शनिवार को गाडी में डालो, कचरे में फेंको.”

“सेठ, शमा का पेटी—”

“शमा को दूसरा पेटी. बाजार में मफी मुश्किल.”

बाजारात मफी मुश्किल, म्हणजे काही अडचण नाही. हुसेनला नव्हतीच. अकरा वर्षांपूर्वी जबान दिली होती ती हुसेनने नव्हे.

आता बाळाजीने काय करावं? त्याने तेच केलं जे त्याच्या गावचा कुठलाही माणूस करतो. देवाला कौल लावला. बुधवारी संध्याकाळी कामावरून आल्या आल्या त्याने विठ्ठलच्या आणि आपल्या खोलीतल्या ग्रामदेवतेच्या तसबिरीसमोर उदबत्ती लावली, तांदळाचे दोन दाणे ओल्या बोटाने काचेवर चिकटवले, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि विचारलं. उजवा दाणा आधी पडला तर ओंडका ठेवायचा, डावा पडला तर टाकून द्यायचा.

दाणे पडेनात. उदबत्ती संपली, दुसरी लावली. विठ्ठलने चहा केला, तो प्यायला. दाणे जागच्या जागी. बाळाजीने देवाला पुन्हा नीट समजावून सांगितलं, लाकूड कुठलं, पेटी कोणाची. देव ढिम्म. विठ्ठलने खबूस रोटी आणि आमटी समोर ठेवली, ती बाळाजीने तसबिरीकडे बघत बघतच खाल्ली आणि हताश होऊन आडवा झाला. सकाळी उठून पाहतो तर दाणे तिथेच, हट्टी भाडेकरूंसारखे.

विठ्ठलने जवळ जाऊन नखाने एक दाणा खरवडून पाहिला, नाकाशी नेला आणि बाळाजीकडे फार वेळ बघितलं.

“मेस्त्रीनू, काल दिवसभर काय करी होतास?”

“देव्हारो चिकटवी होतंय. त्या बँकवाल्यांचो.”

“हात धुतलास?”

बाळाजीने आपली बोटं बघितली. पेरांवर फेविकॉलचा पांढरा पापुद्रा अजून तसाच होता. देवाने उत्तर द्यायचं म्हटलं तरी दाणा हलणार कसा? विठ्ठल हसत सुटला. बाळाजीला हसू आलं नाही. पुन्हा कौल लावायचा त्याला धीर झाला नाही. हे देवाने आपल्यावरच सोडलंय, असं त्याने मनाशी ठरवलं आणि त्यामुळे तो आणखीच घाबरला.

त्या फेविकॉलच्या देव्हाऱ्याची मालकीण त्याच दिवशी, गुरुवारी दुपारी आली. मेधाबाई पुण्याच्या, उम्म अल हस्समला फ्लॅटमध्ये राहायच्या. नवरा गुरुप्रसाद बँकेत अकाउंटंट. त्याला गाडी सावलीत लावायची इतकी काळजी, की तो सहसा गाडीतून उतरतच नसे. मेधाबाईंनी देव्हारा पाहिला, कळसावरून हात फिरवला, छान म्हणाल्या आणि मग त्यांची नजर मागच्या दारातून अंगणात गेली.

“मेस्त्री, ते काय आहे?”

“बाईनू, हात लावू नकात, ता वायट आसा, शनिवारी फेकूचा आसा,” बाळाजी म्हणेपर्यंत त्या साडी सावरून ओंडक्यापुढे गुडघे टेकून बसल्याही होत्या. बाहेर गुरुप्रसादने हॉर्न वाजवला. त्यांनी ऐकला नाही.

मेधाबाई एम.एस्सी. होत्या, वनस्पतिशास्त्र घेऊन. पुण्यात दोन वर्षं कॉलेजात शिकवलं, मग लग्न, मग बहारीन. बहारीनमध्ये वनस्पतिशास्त्र म्हणजे खजूर, आणि खजूर संपला की पुन्हा खजूर. बाळाजीला यातलं काही माहीत नव्हतं. बाईंचा चेहरा मात्र त्याला कळला. चांगली फळी दिसल्यावर आपला चेहरा असाच होत असणार, असं त्याला वाटलं.

“ही बुरशी आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणजे अळंबीच्याच कुळातली.”

“खंयची? नाव काय?”

“मला नाही ओळखता येत,” मेधाबाई अगदी सरळपणे म्हणाल्या. “मी सह्याद्रीतल्या पाहिल्यात, ही तिथली नाही. पण ओळखायची कशी ते मला येतं. तुम्ही मदत कराल?”

नाही म्हणायला आलेला माणूसही अशा वेळी हो म्हणतो. त्यांनी पर्समधून भिंग काढलं. चार वर्षं ते किल्ल्या आणि बिलांच्या खाली पडून होतं. लगद्याची खालची बाजू फिकट होती, आणि भिंगातून पाहिलं तर तिथे बारीक बारीक नळ्या होत्या, एकमेकींना न चिकटता सुट्या उभ्या असलेल्या. बाळाजीलाही त्यांनी दाखवलं. त्याने इतक्या जवळून करवतीचे दातही कधी पाहिले नव्हते.

“वास कसला येतो?”

“आंबट,” बाळाजी म्हणाला. नाकाच्या कामात तो कुणाला हार जाणारा नव्हता. “आणि आतल्या लाकडाकपण तसोच. शिरक्यासारखो.”

“आणि हे लाकूड नक्की कुठलं? बुरशी ओळखायची तर ती कुणावर वाढलीय ते आधी कळायला हवं.”

“ओक.”

“कशावरून? तुम्ही झाड पाहिलंय?”

नेमकं तिथेच बोट ठेवलं बाईंनी. बाळाजीने एक लोखंडी खिळा पाण्यात बुडवला, ओंडक्याच्या कापलेल्या टोकावर ठेवला आणि दुसरा तसाच सागाच्या तुकड्यावर. बाईंना चहा दिला. गाडीत गुरुप्रसादलाही दिला, म्हणजे हॉर्न थांबेल. चहा संपल्यावर खिळे उचलले. सागावर नुसता ओला डाग, ओकवर मात्र शाईसारखी काळी रेघ.

“झाड बघूक नाय, बाईनू. पण ह्या मी आंधळो झालंय तरी वळखीन.”

मेधाबाई टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. त्यांनी लगद्याचा एक तुकडा कापून रिकाम्या जेवणाच्या डब्यात घातला. घरी जाऊन पांढऱ्या कागदावर नळ्यांची बाजू खाली करून तो स्टीलच्या वाडग्याखाली झाकून ठेवणार, म्हणजे बुरशीची भुकटी कागदावर पडते, तिचा रंग पाहायचा, असं त्यांनी समजावलं. शिवाय इंग्रजी वाचनालय संध्याकाळी आठपर्यंत उघडं असतं. “शनिवार म्हणालात ना? मी उद्या येते,” त्या म्हणाल्या, आणि जाता जाता थांबल्या. “चार वर्षांत मला कुणी माझ्या विषयातलं काही विचारलंच नव्हतं हो, मेस्त्री.”

शुक्रवारी वर्कशॉप बंद. तरी दुपारच्या नमाजानंतर सगळे जमले. विठ्ठल तमाशा बघायला, हुसेन लाकडाची पाठवणी करायला, आणि त्याच्याबरोबर शमा, कारण घरात कोणीतरी तिला सांगितलं होतं. मेधाबाई एक जाडजूड पुस्तक छातीशी धरून आल्या. या वेळी गुरुप्रसादही गाडीतून उतरला. रात्रभर जेवणाच्या टेबलावर ते वाडगं सांभाळल्यावर त्याला शेवट बघायचाच होता.

कागदावर फिकट गुलाबी-तपकिरी भुकटी पडली होती. पुस्तकात चित्र होतं, आणि चित्र बघून विठ्ठलनेही मान डोलावली. इंग्रजी नावात गाईच्या मांसाचा उल्लेख होता, तो मेधाबाईंनी शिताफीने गिळला आणि त्या एकदम लॅटिनवर गेल्या. “फिस्टुलिना हेपॅटिका. ओकवर वाढते, जिवंत झाडावर आणि मेलेल्यावरही. ते रक्त नाही, तिचा रस आहे. आणि हेपॅटिका म्हणजे काळजासारखी.”

“मी पयल्या दिवसापासून काय सांगतंय?” विठ्ठलची छाती फुगली. “काळीज! खातत काय हो ही?”

“इंग्लंडात खातात असं लिहिलंय. आंबट लागते म्हणे. पण एक पुस्तक वाचून मी तरी तोंडात घालणार नाही, आणि तुम्हीही घालू नका.”

हुसेनला त्याच्या कामाचं उत्तर हवं होतं. बाकीच्या लाकडाला लागेल का? मेधाबाई हिंदीत म्हणाल्या, ही ओकवाली आहे, कोरड्या सागवानाला हिचं काही सोयरसुतक नाही, पाइप तेवढा दुरुस्त करा. मग त्या बाळाजीकडे वळल्या आणि पुस्तकातलं एक वाक्य बोटाने दाखवलं. ही अळंबी झाडाच्या आत वर्षानुवर्षं राहते आणि लाकडाचा रंग पालटून गडद तपकिरी करते. तिकडचे सुतार तसलं लाकूड शोधत फिरतात, मिळालं तर जपून ठेवतात.

बाळाजीचे डोळे चमकले.

“पण पुढचं वाक्यही वाचते,” मेधाबाई म्हणाल्या. “फार वर्षं गेली की आतून कुजत जातं. झाड पोकळ होतं.”

“ह्याचा काय झाला आसा? ह्या बाजूक की त्या बाजूक?”

“ते पुस्तकात नाही, मेस्त्री.”

बाळाजीने ओंडक्यावर टिचकी मारली. भोकाकडच्या टोकाला आवाज बद्द आला. मधे बरा वाटला, पण वाटला म्हणजे काय? जन्मात पहिल्यांदा त्याला आपल्या कानाचा भरवसा येईना. हुसेन घड्याळ बघत होता. तेवढ्यात शमा पुढे आली, ओंडक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “अम्मी, काटो. खराब निकला तो मैं कुछ नहीं बोलेगी. लेकिन काटो.”

लाकूड कापायच्या आधी बाळाजी गाऱ्हाणं घाली. गावाकडची रीत, गेली अकरा वर्षं त्याने मोडलेली नव्हती. त्याने ओंडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा! आज ह्यो परमुलखातलो ओंडको तुझ्या लेकराच्या हातात इलो हा, रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” विठ्ठल ओरडला.

“तेच्या पोटात जा काय वायटवंगाळ आसात, ता ह्या टोकाकच थांबव, रे म्हाराजा!”

“होय महाराजा!” आता मेधाबाई आणि गुरुप्रसादही होते, शुद्ध पुणेरीत.

“आणि ह्या बायेक दिलेली जबान खोटी पडू देऊ नको, रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” शमाने अर्थ न कळताही जोरात म्हटलं. हुसेनने खाली बघत “इंशाल्ला” पुटपुटून आपली सही केली.

मशीन असूनही बाळाजीने दुहाती करवत घेतली. मशीनला काही कळत नाही, हाताला कळतं, असं त्याचं म्हणणं. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला विठ्ठल. भोकाकडून वीतभर अंतरावर पहिला काप घेतला. चकती खाली पडली ती फुटलीच. आत ओला, मऊ चुरा. हुसेनने तोंड फिरवलं.

बाळाजीने आणखी हातभर पुढे खूण केली. दुसरा काप. हा तुकडा फुटला नाही, पण मधे अंगठा दाबला तर नख रुतत होतं. विठ्ठल आता बाळाजीच्या डोळ्यांत बघेना. मेधाबाईंनी पुस्तक मिटलं.

बाळाजीने घाम पुसला आणि आणखी हातभर पुढे सरकला. यापुढे गेलं तर पेटीपुरती लांबी उरणार नव्हती, हे त्याला कळत होतं. विठ्ठललाही. करवत आत गेली आणि थोड्या वेळाने तिचा आवाज बदलला. आधी घसघस होत होती, आता ती गाऊ लागली. बाळाजीचा हात ते ओळखून जरा हळू झाला, घाई केली तर सूर बिघडेल असा. भुसा पांढरट यायचा तो तपकिरी येऊ लागला.

तुकडा पडला आणि दगडासारखा वाजला. बाळाजीने ओला फडका ओंडक्याच्या उघड्या तोंडावरून फिरवला. कडेला दोन बोटं फिकट लाकूड, आणि आत सगळं जुन्या गुळाच्या रंगाचं, मधून मधून चकाकणाऱ्या रेघांचं. अकरा वर्षांत शेकडो ओकच्या फळ्या हातून गेल्या होत्या, असला रंग त्याने पाहिला नव्हता. त्याने टिचकी मारली. कान लावला. नाक नेऊन लांब श्वास घेतला.

आणि कानामागची पेन्सिल काढली.

विठ्ठलने मारलेली शिट्टी गल्लीच्या टोकाला ऐकू गेली असेल. शमा रडत होती, बाळाजीही रडत होता, त्याला त्याची लाज वाटत नव्हती. हुसेन म्हणाला, “पाइप कल ही ठीक करो,” आणि सगळ्यांसाठी थंड पेप्सी आणायला स्वतः गेला.

फळ्या सहा महिने सावलीत वाळल्या. बाळाजीने त्या चौकटीत अशा बसवल्या की लाकूड फुगलं-आटलं तरी हलायला जागा राहावी. पितळी खिळे मनामाच्या सूकमधून, म्हणजे तिथल्या बाजारातून, त्याने स्वतः निवडून आणले. बाहेरून कुठेही डाग नव्हता. फक्त तळाच्या फळीत, आतल्या बाजूला, ती चीर ओंडक्यात जिथवर आत आली होती तिथली काळसर रेघ त्याने मुद्दाम ठेवली. ज्याच्यामुळे रंग चढला त्याची काहीतरी खूण राहायला हवी, असं त्याचं मत. लग्नात बायकांनी विचारलं, हे कुठलं लाकूड? शमाने ती सगळी हकीकत प्रत्येकीला सांगितली, आणि आजीलाही सांगितली. आजीला फक्त गाऱ्हाण्याचं कौतुक वाटलं.

शमाचा नवरा इंग्लंडात शिकत होता. लग्नानंतर ती तिकडे गेली आणि पेटीही बोटीने तिच्यामागोमाग गेली. म्हणजे बाळाजीच्या आधी ओक आपल्या मुलखाला परत पोचला.

पुढच्या वर्षी, १९८४च्या हिवाळ्यात, पाकीट आलं. आत एक फोटो होता. कोट घातलेली शमा, आणि तिच्या पाठीमागे एक झाड. बुंधा तिच्यासारख्या चौघींनी हात धरले तरी वेढला जाणार नाही असा, फांद्या आडव्या लांबच लांब पसरलेल्या, आणि बुंध्याच्या पायथ्याशी, ओळखणाऱ्यालाच ओळखू येईल असा, एक लाल लगदा. सोबत एक वाळलेलं पान, कडा वळणावळणाच्या. फोटोच्या मागे हिंदीत, रोमन लिपीत लिहिलं होतं, अम्मी, ये ओक है.

बाळाजी फोटो घेऊन अंगणात गेला. आधी नुसताच बघत बसला. मग डोळे बारीक झाले आणि सवयीने हात कानामागे पेन्सिलीकडे गेला. बुंध्यातून दहा फुटी फळ्या किती निघतील, याचा हिशेब मनात सुरू झालाच होता. हात तिथेच थांबला आणि रिकामा खाली आला. पेन्सिल न काढता लाकूड पास करायची त्याच्या आयुष्यातली ती एकच वेळ.

संध्याकाळी तो उम्म अल हस्समला मेधाबाईंकडे गेला, उत्तर लिहून घ्यायला. मेधाबाईंनी पान हातात घेतलं, भिंग आणलं, पानाची एकेक शीर आधी स्वतः पाहिली आणि मग बाळाजीला दाखवली. मग त्यांनी कागद पुढे ओढला. बाळाजीने खुशाली सांगितली, हुसेनची तब्येत सांगितली, पेटीला तेल कधी लावायचं ते सांगितलं. मेधाबाई इंग्रजीत लिहीत गेल्या.

“आणखी काही?”

“होय,” बाळाजी म्हणाला. “लिवा तिका, बाय, त्या झाडाक हात लाव. आणि माझ्या नावान तेका सांग, तुमच्यातल्या एकाक मी फुकट जावक दिलंय नाय.”

मेधाबाईंचं पेन थांबलं. हे इंग्रजीत कसं आणायचं याचा त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग तेवढं एक वाक्य त्यांनी मराठीतच लिहिलं, त्याच्या बोलीत, जसंच्या तसं. वाचून दाखवणारं तिकडे कोणी नसलं तरी झाडाला कळेल, असं त्यांनी बाळाजीला सांगितलं. बाळाजीलाही ते पटलं.